गणपती स्थपती, व्ही.

(1927–2011). तमिळनाडूतील पाषाणशिल्पी, मंदिरस्थपती आणि शिल्पशिक्षक. चेन्नईत टी. नगरच्या उत्तरेला असलेले वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक आणि कन्याकुमारीच्या समुद्रातील, ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथाचे कर्ते तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा ही त्यांची सर्वांत परिचित कामे. ‘स्थपती’ हे आडनाव नव्हे; पाथरवटाने टाकी उचलण्याआधी वास्तूची व मूर्तीची मापे ठरवणाऱ्याची ती उपाधी.

कारैकुडीजवळच्या पिळ्ळैयारपट्टी या गावी परंपरागत शिल्पी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील वैद्यनाथ स्थपती हेच पहिले गुरू. गणिताची पदवी घेतलेला हा मुलगा पुढे मामल्लपुरमच्या सरकारी वास्तू-शिल्प महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि सुमारे 27 वर्षे त्या पदावर राहिला. गणिताचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. त्यांच्या कामात मूर्तीच्या चेहऱ्यापेक्षा मापच अधिक बोलते.

टी. नगर ही वसाहत 1920च्या दशकात ‘लाँग टँक’ नावाच्या विस्तीर्ण तळ्याचा भाग आटवून उभी राहिली. पुढे उरलेले तळेही बुजत गेले आणि शहर वाढत गेले. नुंगंबाक्कमच्या बाजूच्या तळ्याच्या अशाच जागेवर वळ्ळुवर कोट्टम बांधले गेले. तिरुवारूरच्या मंदिररथाच्या धर्तीवर घडवलेला पाषाणरथ, त्यात तिरुवळ्ळुवरांची मूर्ती आणि सभागृहाच्या सज्जात दगडावर कोरलेले ‘तिरुक्कुरळ’चे सर्व 1330 कुरळ (द्विपदी), अशी ही रचना आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात 1803 मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहिलेल्या वाचकाला ग्रंथच्या ग्रंथ दगडावर चढवण्याची ही हौस अनोळखी वाटणार नाही. वळ्ळुवर कोट्टम हा मुख्यमंत्री करुणानिधींच्या सरकारचा प्रकल्प. पण जानेवारी 1976 मध्ये ते सरकार बरखास्त झाले आणि एप्रिलमध्ये उद्घाटन राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या हस्ते झाले.

कोट्टमचा रथ देखणा आहे, तरी त्याचे रूप तिरुवारूरहून आलेले. तो शहरात दुसरीकडे ठेवला असता तरी फारसे बिघडले नसते. कन्याकुमारीच्या पुतळ्याबाबत तसे म्हणता येत नाही. खडकावरील या शिल्पाची एकूण उंची 133 फूट, कारण ‘तिरुक्कुरळ’चे अध्याय 133. त्यांपैकी धर्मावरचे 38 म्हणून चौथरा 38 फुटांचा. अर्थ आणि काम यांवरचे मिळून 95 म्हणून मूर्ती 95 फुटांची. उजव्या हाताची तीन बोटे हेच तीन विभाग दाखवतात. कमरेला दिलेला हलका बाक मात्र ग्रंथातला नाही, नटराजाच्या परंपरेतला आहे; एवढ्या उंच ग्रॅनाइटला तो देणे हे धाडसच. दगड किनाऱ्यावर व दूरच्या कार्यशाळांत घडवून खडकावर नेले आणि जुळवत वर चढवले. पायाभरणी 1979 मध्ये झाली, प्रत्यक्ष काम 1990 मध्ये सुरू झाले आणि 1 जानेवारी 2000 रोजी लोकार्पण. डिसेंबर 2004च्या त्सुनामीच्या लाटा पुतळ्यावर आदळल्या. तो जागचा हलला नाही.

पुंपुहार येथील, शिलप्पदिकार या तमिळ महाकाव्यावरचे कलादालनही त्यांच्याच रचनेचे. ग्रॅनाइटवर छिन्नी लवकर बोथट होते, म्हणून अशा कामावर लोहाराची भट्टीही लागते. यंत्रे आल्यानंतरही हातकामाचा हा सरंजाम त्यांनी सोडला नाही. प्राचीन मयन हा तमिळ शिल्पाचार्य आणि अमेरिकेतील माया संस्कृती यांचा संबंध जोडण्याचा त्यांचा प्रयत्न अभ्यासकांना पटलेला नाही, आणि त्यांच्या दगडी कामाला त्याची गरजही नव्हती.

2009 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. हवाई बेटांतील कवाईच्या इरैवन मंदिराचा आराखडा त्यांचा; त्याचे दगड बंगळूरजवळ हाताने घडवून जहाजाने पाठवले गेले. त्या मंदिराचा कुंभाभिषेक 2023 मध्ये, त्यांच्या निधनानंतर 12 वर्षांनी झाला.