नाव, पत्ता आणि अनेक वाटा : वरळीच्या बीडीडी चाळीतून डीएनएसकडे

वरळीच्या बीडीडी चाळींचा इतिहास बहुधा घरांच्या टंचाईचा, गिरणी कामगारांचा किंवा चळवळींचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे; परंतु त्याच चाळींमध्ये आणखी एका गोष्टीचा इतिहास दडलेला आहे, तो म्हणजे माणसाच्या नावावरून त्याचे ठिकाण शोधून काढण्याच्या व्यवस्थेचा. संगणकशास्त्रात या कामाला ‘नामनिराकरण’ म्हणतात आणि ते करणाऱ्या जागतिक यंत्रणेला ‘डोमेन नेम सिस्टीम’ किंवा थोडक्यात ‘डीएनएस’ असे नाव आहे. एकाच संगणकाला केबलचे इंटरनेट, मोबाईलचा हॉटस्पॉट आणि कार्यालयाची खासगी वाट अशा दोन-तीन जोडण्या असल्या, की नावाची चौकशी नेमकी कोणाकडे करायची हा प्रश्न उभा राहतो. वरवर तांत्रिक दिसणारा हा प्रश्न दोन पत्ते बाळगून जगलेल्या चाळकऱ्यांना अपरिचित नव्हता.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते स्थापन झाले आणि त्याच्याच आद्याक्षरांवरून ‘बीडीडी’ हे नाव रूढ झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची मूळ योजना होती व तिच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, त्यांतील १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मधून जाणारा लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना मिळून मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, अशी ही काँक्रीटची रचना होती. सुरुवातीला भाडे परवडत नसल्याने आणि गिरण्यांपर्यंत जाण्यायेण्याची सोय नसल्याने वरळीतील बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या होत्या, ही गोष्ट नंतरच्या दाटीकडे पाहता आज खरी वाटू नये.

सगळ्या चाळी दिसायला सारख्या असल्यामुळे त्यांना वाड्यांसारखी नावे न मिळता क्रमांक मिळाले, आणि ‘खोली नंबर, चाळ नंबर, वरळी, मुंबई’ असा पत्ता तयार झाला. या पत्त्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तो लहानाकडून मोठ्याकडे वाचत जायचा असतो : आधी खोली, मग तिला सामावणारी चाळ, मग वस्ती, मग शहर. इंटरनेटवरील नावेही अशीच घडलेली असतात. त्यांत डावीकडे विशिष्ट यंत्राचे नाव येते, उजवीकडे संस्थेचे, आणि शेवटी ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ असे सर्वांत व्यापक क्षेत्र. शोध मात्र उलट दिशेने, म्हणजे व्यापकाकडून विशिष्टाकडे जातो. पत्र वाटणारा पोस्टमनही आधी शहर पाहतो आणि शेवटी खोली. टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू केलेल्या पिन कोडने हीच उलटी दिशा सहा अंकांत बसवली; त्यातला पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे आणि उरलेले वाटप करणाऱ्या कचेरीचे, या हिशोबाने वरळीला ४०००१८ हा क्रमांक आला. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते, याचा मराठी वाचकांना विसर पडू नये.

चाळीतल्या बहुतेक माणसांना असे दोन पत्ते होते. एक मुंबईचा, जो रेशनकार्डावर आणि गिरणीच्या नोंदीत असे. दुसरा गावचा, ‘मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा’ असा, ज्यावर दरमहा मनीऑर्डर जाई आणि ज्याच्याशी सातबारा, भाऊबंदांचे वाटप आणि जत्रेची वर्गणी जोडलेली असे. कोणती चौकशी कोठे करायची हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते, तरी ते सर्वांना ठाऊक होते : शेताच्या बांधाविषयी तलाठ्याला, धान्याविषयी रेशनिंग कचेरीला. गावात आडनावापेक्षा घराण्याच्या टोपणनावाने ओळखला जाणारा माणूस त्याच टोपणनावाने वरळीच्या पोस्टात शोधला असता तर सापडला नसता, कारण ते नाव गावाच्या शिवेच्या आतच चालणारे होते. एखादे नाव एका परिघात अर्थपूर्ण आणि दुसऱ्या परिघात निरर्थक असू शकते, हा या सगळ्या विषयाचा कळीचा मुद्दा आहे.

दूरध्वनी दुर्मिळ होता त्या काळात आणखी एक रीत रूढ झाली. ज्याच्याकडे स्वतःचा फोन नसे तो शेजाऱ्याचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानाचा क्रमांक देई आणि त्यापुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे लिही. एकाच क्रमांकाखाली अनेकांची नावे नांदत आणि फोन उचलणारा माणूस बोळातून हाक मारून योग्य व्यक्तीला बोलावी. स्वतः सर्व काही माहीत नसताना विचारणाऱ्याच्या वतीने शोध घेऊन उत्तर आणून देणारा मध्यस्थ, ही डीएनएसमधील ‘रिझॉल्व्हर’ची, म्हणजे नाव घेऊन क्रमांक आणून देणाऱ्या सर्व्हरची, अगदी नेमकी भूमिका आहे.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर प्रारंभी अशा मध्यस्थाची गरज नव्हती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या नेतृत्वाखालील गट सर्व यंत्रांची नावे व क्रमांक एका धारिकेत ठेवत असे आणि इतर यंत्रे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही एकहाती वही अपुरी पडू लागली, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली, जिच्यात प्रत्येक क्षेत्राची वही त्या त्या क्षेत्राच्या सांभाळकर्त्याकडे सोपवण्यात आली. भारताच्या ‘डॉट इन’ या क्षेत्राची वही प्रारंभी मुंबईतच, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती; २००५ पासून ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे ‘निक्सी’कडे आली.

सर्वसामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि ती एका वेळी एकच असे. त्या काळातील मुंबईकर ग्राहकांनी निगमाच्या डीएनएस सर्व्हरचा २०२.५४ ने सुरू होणारा क्रमांक संगणकाच्या सेटिंगमध्ये हाताने भरलेला आहे. तार एक, सेवा देणारा एक आणि मध्यस्थही त्याचाच, त्यामुळे ‘कोणाला विचारायचे’ हा प्रश्न उद्भवत नव्हता. युनिक्स प्रणालींतील ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ नावाची छोटी धारिका याच गृहीतावर बेतलेली होती. तिच्यात संपूर्ण संगणकासाठी सर्व्हरांची एकच यादी असते आणि त्या यादीतील पहिले तीनच क्रमांक वापरले जातात.

परिस्थिती टप्प्याटप्प्याने पालटली. महानगर टेलिफोन निगमाची ब्रॉडबँड सेवा २००५ मध्ये आली, केबलवाल्यांनी टीव्हीच्या तारेशेजारून इंटरनेटची तार चाळीचाळींतून फिरवली, २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत घर हेच अनेकांचे कार्यालय झाले. १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या एका लॅपटॉपला आता केबलची तार, फोनचा हॉटस्पॉट आणि कार्यालयाची ‘व्हीपीएन’, म्हणजे सार्वजनिक जाळ्यातून काढलेली कुलूपबंद खासगी वाट, अशा तीन जोडण्या एकाच वेळी असू शकत होत्या. आणि प्रत्येक जोडणी, ‘डीएचसीपी’ या क्रमांक-वाटपाच्या पद्धतीने किंवा अन्य रीतीने, स्वतःचा डीएनएस सर्व्हर सुचवत होती.

येथे एक व्यापक गैरसमज आड येतो आणि त्यावर थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक अडचणींचे मूळ त्यात आहे. यादीत दोन सर्व्हर लिहिले म्हणजे पहिल्याला नाव सापडले नाही तर संगणक दुसऱ्याला विचारील, असे पुष्कळ जण धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या सर्व्हरने ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे उत्तर दिले, की ते अंतिम मानले जाते आणि शोध तेथेच संपतो. दुसऱ्याकडे वळायचे ते मुख्यतः पहिला गप्प राहिला तर, आणि तेही युनिक्समधील प्रचलित नियमाप्रमाणे पाच सेकंद वाट पाहून. डीएनएसच्या रचनेने सगळे सर्व्हर एकच सत्य सांगतील असे मानले, आणि सार्वजनिक नावांपुरते ते बरोबरही आहे. कार्यालयाच्या आतल्या नावांना मात्र हा नियम लागू पडत नाही, कारण ती गावच्या टोपणनावांसारखी शिवेच्या आतच चालतात. परिणामी केबलवाल्याचा सर्व्हर यादीत वर आला, की कार्यालयातील हजेरीचे पान ‘सापडत नाही’, आणि कार्यालयाचा वर आला, तर व्हीपीएन तुटताच सगळेच इंटरनेट बंद पडल्याचा भास होतो, जरी केबलची तार धडधाकट असली तरी.

या अडचणीवर निरनिराळ्या प्रणालींनी निरनिराळे तोडगे काढले. विंडोजने जोडण्यांना ‘मेट्रिक’ नावाचा पसंतीक्रम दिला. २००९ च्या विंडोज ७ मध्ये कोणत्या क्षेत्राची नावे कोणत्या सर्व्हरला विचारायची याचा तक्ता आणला. आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून सर्व जोडण्यांवरील सर्व्हरांना एकदमच विचारण्याची रीत स्वीकारली. या शेवटच्या रीतीने वेग वाढला, पण कार्यालयाच्या आतल्या नावांची चौकशी बाहेरच्या सेवादात्याच्या कानावर जाऊ लागली, जी गोपनीयतेच्या दृष्टीने गंभीर बाब आहे. मॅकमध्ये जोडण्यांचा क्रम लावता येतो आणि विशिष्ट क्षेत्रासाठी वेगळा सर्व्हरही नेमता येतो. लिनक्समध्ये २०१४ च्या सुमारास आलेल्या ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ या घटकाने एकच सामाईक यादी मोडून प्रत्येक जोडणीला तिची स्वतंत्र यादी दिली आणि ‘या क्षेत्राची नावे याच वाटेने’ असे सांगण्याची सोय केली. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने २०११ मध्ये अनेक जोडण्यांच्या यंत्रांचे प्रश्न एका दस्तऐवजात नोंदवले आणि २०१२ मध्ये सर्व्हर निवडण्याविषयी मार्गदर्शन केले. म्हणजे डीएनएसच्या जन्मानंतर जवळजवळ तीस वर्षांनी हा प्रश्न औपचारिक चर्चेत आला.

या सर्व तोडग्यांपैकी टिकाऊ ठरणारा तो नावांच्या विभागणीचा आहे. कंटाळून सगळ्या जोडण्यांवर गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा एकच सार्वजनिक सर्व्हर भरून टाकणे हा उपाय सोपा म्हणून लोकप्रिय असला, तरी तो मुळातच चुकीचा आहे, कारण गावच्या बांधाचा तंटा मुंबईच्या रेशनिंग कचेरीत नेण्यासारखे ते आहे. ती कचेरी प्रामाणिक असली तरी तिच्या दप्तरात तो बांधच नसतो. सार्वजनिक नावे ज्या जोडणीवर विश्वास आहे तिच्या सर्व्हरकडे, कार्यालयाच्या क्षेत्राची नावे फक्त व्हीपीएनच्या सर्व्हरकडे, आणि व्हीपीएन बंद होताच तिची यादीही आपोआप दूर, अशी मांडणी केली पाहिजे. सेटिंग बदलल्यावर संगणकाने जपून ठेवलेली जुनी उत्तरे पुसणेही आवश्यक असते, कारण प्रत्येक उत्तराला ठरावीक आयुष्य असते आणि ते संपेपर्यंत जुनाच क्रमांक खरा मानला जातो. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ या पद्धतीमुळे ब्राउझर स्वतःच निवडलेल्या सर्व्हरला कूटबद्ध चौकशी पाठवू शकतो आणि संगणकाची सारी मांडणी ओलांडून जातो, हेही तपासून पाहावे लागते.

नाव आणि ठिकाण यांची गाठ अशी सैल ठेवलेली असते ती ठिकाण बदलले तरी नाव चालू राहावे म्हणून. वरळीच्या चाळकऱ्यांवर सध्या नेमकी तीच वेळ आली आहे. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले, म्हाडाने बांधलेल्या नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना मिळाल्या, आणि वसाहतीला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा निर्णयही राज्य शासनाने घेतला. चाळीचा क्रमांक गेला, खोलीचा क्रमांक गेला, बँकेच्या पासबुकापासून आधारकार्डापर्यंत प्रत्येक ठिकाणी जुन्या नावापुढे नवा पत्ता लिहिण्याचे काम या कुटुंबांपुढे आहे. पिन कोड ४०००१८ हाच आहे.