मेघांतील विद्युद्भार : एका मतभेदाचा इतिहास

यवतमाळच्या पठारावर मृगात कपाशीची पेरणी चालू असते आणि त्याच दिवसांत विजा कोसळतात. मेघात विद्युद्भार कसा साठतो, या प्रश्नाच्या आधुनिक इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व भारतात घडले. हवामान खात्यातील जॉर्ज सिम्प्सन यांनी सिमल्यास पावसावरील भार मोजला. तो बहुतांशी धन आढळला. मोठे थेंब वाऱ्याच्या झोतात फुटताना धनभारित होतात, असा सिद्धान्त त्यांनी १९०९ साली मांडला. त्यानुसार मेघाचा तळ धन ठरत होता. पुढे सी. टी. आर. विल्सन यांचे अनुमान याउलट निघाले : माथा धन, खालचा भाग ऋण. १९३७ साली सिम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्याने मेघात फुगे सोडून घेतलेल्या मापनांनी विल्सन यांचे म्हणणे मुख्यतः खरे ठरविले. तळाशी धनभाराचा लहानसा पुंज तेवढा आढळला. सिम्प्सन यांचे मापन सदोष नव्हते. भूमीवरून दिसलेला अंश त्यांनी पूर्ण मानला होता.

आजच्या मतानुसार, शून्य अंशाखालील थरात हिमस्फटिक व मृदू गारा यांच्या टकरींतून भार विभागतो. हलके स्फटिक धनभार घेऊन वर जातात, गारांवरील ऋणभार मेघाच्या मध्यभागी राहतो. हा संचय कित्येक किलोमीटर उंचीवर होत असल्याने शेतात पहिला थेंब पडण्यापूर्वीही वीज कोसळू शकते. म्हणूनच पावसाची वाट न पाहता, पहिला गडगडाट ऐकताच झाडाचा आसरा टाळून पक्के घर गाठावे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.