निकाल आधीच ठाऊक असलेले प्रयोग

१९४८पूर्वी येरमाळ्याच्या एखाद्या मुलाला मानसशास्त्र शिकावंसं वाटलं असतं, तर आधी उर्दू पक्कं करावं लागलं असतं. येरमाळ्याचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. पाठ्यपुस्तकं तयार करायला हैदराबादेत दारुल तर्जुमा हा खास भाषांतर विभाग काढलेला. तिथे सुरुवातीच्या काळात काम केलेल्यांत अब्दुल माजिद दर्याबादी होते. जमाव आणि त्याचे पुढारी यांच्या मनाविषयीचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१५ सालीच लंडनहून निघालं होतं. पण ते उभं होतं वाचनावर. माणसाला समोर बसवून, घड्याळ लावून काही मोजण्याशी त्याचा संबंध नव्हता.

मोजण्याची रीत वेगळ्या वाटेनं आली. विल्हेल्म वुंट यांनी १८७९मध्ये लायपझिगला प्रयोगशाळा थाटली. हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी १९१६च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात हा विषय उभा केला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा विभाग १९५०च्या आसपास सुरू झाला तो 'प्रायोगिक मानसशास्त्र' याच नावानं, वि. के. कोठूरकर यांच्या नेतृत्वाखाली. पुढे कोठूरकर आणि श्यामला वनारसे यांनी मिळून प्रायोगिक मानसशास्त्राचं इंग्रजी पाठ्यपुस्तकही लिहिलं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादला. त्यानंतर कळंब, उस्मानाबाद अशा गावांत महाविद्यालयं झाली आणि बी.ए.ची पोरं मराठीतून शिकू लागली.

मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे कला शाखेतला अपूर्व प्रकार. इतिहास-मराठीच्या मुलांना व्याख्यानं, यांच्या हाती मात्र उपकरणं. स्मृतिढोल फिरायचा, त्याच्या खिडकीत एकेक शब्द दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल न्यायची. हात भलतीकडेच जायचा आणि सगळा वर्ग हसायचा. म्युलर-लायर यांचा १८८९चा बाणांचा भ्रम, स्ट्रूप यांचा १९३५चा रंग आणि शब्दांचा गोंधळ, प्रतिक्रियेला लागणारा वेळ, बोटांची चपळाई. प्रयोगकर्ता एक विद्यार्थी, 'प्रयुक्त' त्याच्याच बाकावरचा दुसरा. पुढच्या तासाला अदलाबदल. मग समस्या, गृहीतक, साहित्य, कार्यपद्धती, निष्कर्ष आणि प्रयुक्ताचा अंतर्निरीक्षण अहवाल असं सगळं जर्नलमध्ये उतरायचं, सरांची सही घ्यायची.

या पद्धतीनं हात बसला. सूचना सगळ्यांना एकाच शब्दांत द्यायच्या, प्रयुक्ताला उत्तर सुचवायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त पुस्तकातून येत नाही. खोट होती ती दुसरीकडे. निकाल आधीच ठाऊक असायचा. आकडे उलटे आले, तर ते का आले हे शोधण्यापेक्षा ते 'नीट' करण्याचा मोह व्हावा, अशीच सगळी मांडणी. बाहेरचा परीक्षक येणार, जर्नल तपासणार, ठरावीक प्रयोगांपैकी एक करायला सांगणार. तिथे नव्या प्रश्नाला गुण कुठून मिळायचे?

तरी त्या चाकोरीतही खरं संशोधन डोकावायचं. एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेले स्मृतीचे प्रयोग होते ते निरर्थक शब्दावयव वापरून, म्हणजे जुनी ओळख आठवणीला मदत करणार नाही. इंग्रजी यादी देवनागरीत जशीच्या तशी उतरवली आणि तीत 'झोल' आला, तर प्रयोगाचाच झोल होतो. मराठी मुलांसाठी मराठी कानाला खरोखर निरर्थक वाटतील असे अवयव जमवायचे, ते मित्रांवर तपासायचे, ज्यातून कुणाला काही सुचतं ते काढून टाकायचे. एवढं ज्यानं केलं, त्याला साधनं कशी घडवतात ते कळलं.

आता अभ्यासक्रमानंच दार उघडलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी स्वतःचा संशोधन प्रकल्प करता येतो. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५पासून लागू झालं. त्या पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष २०२७-२८मध्ये येईल.

येरमाळ्याच्या मुलांना विषय शोधत लांब जायला नको. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. चैत्राचं ऊन, धूळ, हलगी-संबळ, 'आई राजा उदो उदो'चा गजर, आणि तरी थकल्याची तक्रार फारशी कानी पडत नाही. हे का? प्रयागच्या माघ मेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी नेमकं हेच विचारलं. त्यांनी महिनाभर राहणारे ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण घेतले, मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर प्रश्न विचारले. एवढ्या थंडीत आणि गोंगाटात राहूनही कल्पवाशांनी आपली तब्येत सुधारल्याचं सांगितलं. न गेलेल्यांत तसा फरक दिसला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात कशाचा ते कळू नये असा आवाज ऐकवला. तो मेळ्याचा आहे असं सांगितल्यावर लोकांनी तो जास्त वेळ ऐकला, शहरातल्या रस्त्याचा आहे म्हटल्यावर कमी.

या दुसऱ्या प्रयोगाला लागतं काय? एक मोबाइल, एक कर्णसंच, स्टॉपवॉच आणि चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट. महागडी प्रयोगशाळा नाही. प्रयागला जे आढळलं ते येरमाळ्याला, बालाघाटच्या डोंगरात आढळेलच असं नाही, आणि म्हणूनच तो करण्यासारखा आहे. फक्त प्राध्यापकांनी आणि मुलांनी तयारी माघातच सुरू करावी: देवस्थानची परवानगी, संमतिपत्राचा मराठी मसुदा, यात्रेला न जाणाऱ्यांची यादी. यात्रेआधीची मोजणी यात्रा सुरू झाल्यावर करता येत नाही.