नाशिकची मोहिनी
भस्मासुराची गोष्ट नाचात बसवताना मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना कमलाबाईंबद्दल आवर्जून सांगते. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवलं आणि इथं ‘मोहिनी भस्मासुर’ केला. मोहिनी झाली नाटक कंपनीतली जेमतेम तेरा वर्षांची कमला, पुढच्या कमलाबाई गोखले. पार्वती तिची आई, दुर्गाबाई कामत. आधीच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषानं रंगवली होती, हे ऐकून मुली थक्क होतात.

मूकपटात ना ठेका, ना घुंगरांचा आवाज. भस्मासुराला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचं ते नुसत्या हावभावांतून! कमलाचं हे धाडस मला फाळक्यांच्या कॅमेऱ्याइतकंच मोठं वाटतं. पुढे फाळक्यांच्याच ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) तर उलट त्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी कृष्ण झाली.