चतुर्थीची ओहोटी

मुनिरक्यातल्या आमच्या डीडीएच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असे. सकाळी चहाचं आधण ठेवलं की आजी त्याच्यापुढे उभी राहायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची आणि म्हणायची, "आज सप्तमी. तिकडे सव्वाअकराला ओहोटी." खिडकीबाहेर आउटर रिंग रोडच्या बसगाड्या घरघरत असायच्या. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण "तिकडे" म्हणजे कुठे, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागलं नाही. तिकडे म्हणजे अलिबाग.

आजोबा गेल्यावर १९७८ साली ती आमच्याकडे आली. बाबांचं ऑफिस रामकृष्णपुरमला होतं. शाळेत मी हिंदीतून पहाडे घोकत होते आणि घरी आजी मला पाऊणकी शिकवत होती. कारण भरतीचं गणित पाऊणकीचं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तिच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. चार पाऊण तीन; चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो, आणि भरतीही तेवढीच रोज पुढे सरकते, हे मला पुढे भूगोलात कळलं. आजीला ते पायांनी ठाऊक होतं. लहानपणी संकष्टीला ती तिच्या आईबरोबर अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला चालत जायची. नऊची ओहोटी चुकली की देव चुकला.

एकदा बाबांनी तिला हौजखासला नेलं. अलाउद्दीन खिलजीने खोदलेला तलाव, फिरोजशहाने गाळ काढून त्याच्या काठावर १३५२ मध्ये बांधलेला मदरसा, सगळं तिने कौतुकाने पाहिलं. मग पायरीवर बसून माझ्या कानाशी म्हणाली, "पाणी छान आहे गं. पण हे जात नाही कुठे."

पाणी कुठे जातं, काय घेऊन जातं, हे तिने पाहिलं होतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली तेव्हा ती बारा वर्षांची होती. सहाशेंवर माणसं गेली. गटारीला घरी येणारी चाकरमानी माणसं. रेवसच्या कोळ्यांनी आपले मचवे घालून जमतील तेवढे जीव वाचवले. हे सांगताना आजी शेवटी नेहमी एकच सांगायची, "अवसेचं उधाण होतं, बाय." त्यापुढे ती बोलायची नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

ती गेल्यानंतर अकरा वर्षांनी मी अलिबागला गेले. संकष्टीचा दिवस धरून गेले.

पहाटे हिराकोटापासून निघाले. कान्होजी आंग्र्यांनी १७२० मध्ये प्रचंड काळ्या दगडांनी बांधलेला हा कोट, पुढे त्याचा तुरुंग झाला. किनाऱ्यालगत भूचुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडू लागतील हे ओळखून १९०४ मध्ये ती इथे आणली गेली. बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. "तिथे कंबरेची किल्लीसुद्धा बाहेर ठेवावी लागते," असं आजी सांगायची तेव्हा मला ती परीकथा वाटायची. ती नव्हती.

पावणेनऊला पाणी मागे सरलं होतं. काळी, घट्ट वाळू. घोडागाड्या किल्ल्याकडे निघाल्या होत्या. मी चपला हातात घेतल्या. घोट्यापर्यंत पाणी, मध्येच खडक, त्यावर शेवाळ. किल्ला जवळ येतो तसे त्याचे दगड दिसू लागतात, आणि इथे मी बराच वेळ उभी राहिले. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत, दरजांत चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू करवलं, संभाजी महाराजांनी पुढच्या वर्षी पुरं केलं. सव्वातीनशेहून अधिक वर्षं समुद्र या भिंतीवर डोकं आपटतो आहे. समुद्राला अडवायचं नाही, जिरवायचं, हे ज्याला सुचलं त्या गवंड्याचं नाव कुठे कोरलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन. शेजारी पुष्करणी, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या खडकावर गोड्या पाण्याची विहीर.

मग मी तोफा शोधल्या. "कान्होजींच्या तोफा अजून चाकांवर उभ्या आहेत," हे आजीचं आवडतं वाक्य. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा खरंच उभ्या आहेत. पण त्यांच्यावर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये, कान्होजी वारले ४ जुलै १७२९ ला. तोफा त्यांच्या असूच शकत नाहीत. क्षणभर मनात कळ उठली. पण त्याच आजीने सांगितलेलं दुसरं, "इंग्रज नि फिरंगी मिळून आले आणि हात हलवत गेले," हे अक्षरशः खरं आहे. डिसेंबर १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूजचं आरमार आणि पोर्तुगीजांची फौज एकत्र कुलाब्यावर चालून आली, बाजीराव मदतीला धावले आणि किल्ला पडला नाही. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टीत तोफ चुकते, लढाई चुकत नाही. मला आजीची बाजू घ्यावीशी वाटते, आणि मी घेते.

विहिरीपाशी एक कोळीण मावशी बसल्या होत्या. मी घड्याळ पाहिलं तशा म्हणाल्या, "आज चौथ हाय. अकराच्या आत खाली उतर, पोरी." त्यांच्याकडे कालनिर्णय नव्हतं.

तुम्ही गेलात तर चतुर्थी गाठा. पावणेनऊला वाळूत उतरा, गणपतीला फूल वाहा, दगडांच्या फटींत हात घालून पाहा. आणि तिथल्या माणसाला वेळ विचारल्याशिवाय परतीचं पाऊल लांबवू नका. साडेअकरानंतर ती वाट पाण्याखाली जाते.