एमआरपी म्हणजे काय? कारखान्यातलं मटेरियल प्लॅनिंग कसं चालतं आणि कुठे अडतं

एमआरपी म्हटलं की आपल्याला बिस्किटच्या पुड्यावरची छापील किंमत आठवते. पण कारखान्यात एमआरपी म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग. एखादी वस्तू बनवायला कोणता भाग लागेल, किती लागेल आणि त्याची ऑर्डर कधी द्यायची, याचा हा हिशोब. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझा पहिला प्रोजेक्ट एका कारखान्यात हेच सॉफ्टवेअर बसवण्याचा होता. तिथे मी एक मोठी चूक केली. तीही सांगणार आहे, पण आधी हिशोब समजून घेऊया.

एमआरपीला काय काय लागतं?

तीन गोष्टी लागतात.

१. कोणता तयार माल, किती आणि कोणत्या आठवड्यात द्यायचा आहे, याचं वेळापत्रक.
२. बिल ऑफ मटेरियल, म्हणजे एक नग बनवायला लागणाऱ्या भागांची यादी. स्वयंपाकाच्या रेसिपीसारखीच.
३. स्टोअरमध्ये आत्ता किती माल आहे, किती येणार आहे आणि मागवल्यावर यायला किती दिवस लागतात. या दिवसांना लीड टाइम म्हणतात.

टेबल फॅनचं उदाहरण

समजा, दहाव्या आठवड्यात ५०० टेबल फॅन द्यायचे आहेत. ८० तयार पडलेत, म्हणजे ४२० बनवायचे. जोडणीला एक आठवडा लागतो, म्हणून सगळे भाग नवव्या आठवड्यात हातात हवेत.

आता पाती बघा. एका फॅनला ३, म्हणजे ४२० फॅनला १,२६०. स्टोअरमध्ये ३०० आहेत आणि २०० वाटेवर आहेत. उरली ७६०. व्हेंडरला तीन आठवडे लागतात, म्हणजे ऑर्डर सहाव्या आठवड्यात द्यायची. तो ५०० च्या पटीतच माल देत असेल तर १,००० मागवावी लागतील आणि २४० शिल्लक राहतील.

मोटर मात्र कारखान्यातच बनते. ४२० हव्यात, १२० आहेत, म्हणजे ३०० बनवायच्या. वाइंडिंगला दोन आठवडे, म्हणून काम सातव्या आठवड्यात सुरू. एका मोटरला २०० ग्रॅम तांब्याची तार धरली तर ६० किलो लागेल. २५ किलो आहे, ३५ किलो मागवायची. तार यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे ऑर्डर पाचव्या आठवड्यातच गेली पाहिजे.

गंमत बघा, माल जायचाय दहाव्या आठवड्यात, पण तारेची ऑर्डर पाचव्या आठवड्यात चुकली तर पंखे वेळेवर निघणार नाहीत. एका पंख्याचं हे आपण कागदावर करू शकतो. हजारो भाग असले की कॉम्प्युटरच लागतो.

ही कल्पना कुठून आली?

पूर्वी प्रत्येक भागाची एक पातळी ठरलेली असायची. साठा त्याच्या खाली गेला की ऑर्डर द्यायची, मग तो भाग पुढच्या महिन्यात लागणार असो वा नसो. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॉम्प्युटर कारखान्यांत येऊ लागले, तेव्हा आयबीएममध्ये काम केलेले जोसेफ ऑरलिकी यांनी ही पद्धत मांडली आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुद्दा साधा होता. पंखे किती खपतील याचा अंदाज करावा लागतो, पण पाती किती लागतील याचा अंदाज कशाला करायचा? ते गुणाकाराने कळतं. आज बहुतेक ईआरपी सॉफ्टवेअरच्या पोटात हाच हिशोब आहे.

मग अडतं कुठे?

अडचण १: स्टोअरचा आकडा खोटा निघतो

आता माझी चूक. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आमचं सॉफ्टवेअर सुरू होऊन दुसरा आठवडा होता. सिस्टिममध्ये एका बुशचा साठा होता १,४००. सकाळी जोडणीला माल काढायला गेले तर रॅकमध्ये जेमतेम ६००. लाइन दुपारपर्यंत चालली आणि थांबली. कंत्राटी कामगारांना घरी पाठवलं आणि त्यांचा अर्धा दिवस कापला गेला.

मी लॅपटॉप घेऊन कोड तपासत बसलो. गुणाकार, वजाबाकी, तारखा, सगळं बरोबर होतं. स्टोअरचे काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा आकडा बरोबर असेल हो. पण बुश कुठंयत?"

बुश रिजेक्शनच्या पेटीत होते. रात्रपाळीत खराब निघालेला माल तिथे टाकायचे आणि पूर्वी काका तो वहीत लिहून वजा करायचे. रिजेक्शनची नोंद करायची स्क्रीन मी "नंतर करू" म्हणून बाजूला ठेवली होती आणि वही मात्र बंद करायला लावली होती. कापलेला अर्धा दिवस माझ्या पगारातून गेला नाही, हे अजून आठवतं.

यामागचं गणितही बघा. एका वस्तूला १० भाग लागतात आणि प्रत्येकाची नोंद बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के आहे असं धरा. दहाच्या दहा नोंदी बरोबर असण्याची शक्यता उरते फक्त ६० टक्क्यांच्या आसपास.

अडचण २: लीड टाइम दगडावरची रेघ नसते

सिस्टिममध्ये व्हेंडरचे तीन आठवडे लिहिलेत. दिवाळीच्या सुट्टीत ते पाच होतात. मग प्लॅनर कायमचे पाच लिहून ठेवतो. आपल्याच वर्कशॉपच्या कामाला असं केलं तर कामं लवकर सोडली जातात, मशीनपुढची रांग वाढते आणि खरोखरच जास्त वेळ लागायला लागतो. मग तो सहा लिहितो!

अडचण ३: मशीनची ताकद धरलीच जात नाही

वाइंडिंग मशीन दोन आठवड्यांत ४८० मोटर काढतं. आपल्या पंख्याला ३०० हव्यात आणि त्याच दोन आठवड्यांत दुसऱ्या मॉडेलला ३५०. साधी एमआरपी दोन्ही कामं बिनधास्त छापते. १७० मोटर कुठून येणार, हा प्रश्न तिला पडत नाही. म्हणून पुढे क्षमतेचा हिशोब जोडलेली एमआरपी टू आली.

अडचण ४: जरा बदल झाला की सगळं हलतं

आज पाचवा आठवडा आहे आणि ग्राहक म्हणाला, माल एक आठवडा आधी द्या. सिस्टिम सांगते की तारेची ऑर्डर गेल्या आठवड्यात द्यायला हवी होती. बरोबर आहे, पण आता करायचं काय? असे बदल रोज झाले की स्क्रीन लाल सूचनांनी भरते आणि लोक त्या वाचणंच सोडून देतात.

यावर काय करतात?

जवळच्या काही आठवड्यांचं वेळापत्रक गोठवतात, म्हणजे विशेष मंजुरीशिवाय बदल नाही. वर्षातून एकदा सगळा साठा मोजण्याऐवजी रोज थोडे भाग मोजतात. काही ठिकाणी टोयोटाने रुजवलेलं कानबान वापरतात. तिथे पुढच्या टप्प्याने माल उचलला की कार्ड मागे जातं आणि तेवढाच माल पुन्हा बनतो. मागणी रोज साधारण सारखी असेल तर कानबान छान चालतं. पण क्वचित लागणारे, महिनोन् महिने आधी मागवावे लागणारे भाग असतील तर एमआरपीच लागते. बरेच कारखाने दोन्ही वापरतात.

त्या वर्कशॉपमध्ये आम्ही काय केलं? काकांची वही परत सुरू केली आणि मी चार दिवसांत रिजेक्शनची स्क्रीन बनवली. महिनाभर वही आणि स्क्रीन रोज संध्याकाळी ताडून पाहिली, मगच वही बंद केली.

तुमच्यापैकी कोणी डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या इंटर्नशिपला कारखान्यात जाणार असेल तर एक करा. सिस्टिममधल्या कोणत्याही दहा भागांचा साठा लिहून घ्या आणि स्टोअरमध्ये जाऊन स्वतः मोजा. तिथली एमआरपी किती भरवशाची आहे, ते तासाभरात कळेल.