टांकसाळीचा रुपया आणि विमानाचा मैल

चांदवड हे वाटेवरचे गाव आहे. मुंबई–आग्रा रस्त्याने येथून फौजा गेल्या, यात्रेकरू गेले, उदमी गेले. आज कांद्याचे आणि द्राक्षांचे ट्रक जातात. तेव्हा प्रवास हा विषय येथील श्रोत्यांना नवा नाही. मात्र आज आम्ही ज्या प्रवाशाविषयी बोलणार आहोत, तो थोडा निराळा आहे. द्राक्षे परदेशी पाठविणाऱ्या पेढीचा माणूस, औषधांचा विक्रेता, यंत्र बसवून देणारा इंजिनिअर, असे हे लोक आता आपल्याच घरांतले आहेत. आज दिल्ली, परवा चेन्नई, अशी त्यांची पायपीट आकाशातून चालते. त्यांना विमान कंपनी म्हणते, ‘पुन्हा आमच्याकडेच या, प्रत्येक फेरीचे पॉइंट तुमच्या नावे मांडू, पुरेसे साठले की एक फेरी फुकट.’ हॉटेलेही तेच म्हणतात. अशा अनेक योजनांतून कोणती धरावी, हे तरुण मंडळी आम्हाला युनियनच्या कचेरीत येऊन विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच गावच्या इतिहासाचा आधार सापडला.

होळकरांच्या अमलात चांदवडास टांकसाळ होती. तेथील रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे आणि टांकसाळीचे नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे पडे. त्या काळी रुपया एक नव्हता. पुण्याकडे अंकुशी चाले, बागलकोटचा मल्हारशाही चाले, आपला चांदवडी चाले. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात नेला म्हणजे सराफ तो कसावर घाशी, वजन पाही आणि बट्टा कापून बदली देई. पुढे १८१८ साली चांदवड इंग्रजांच्या हाती गेले आणि १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. टांकसाळींची विविधता संपली. परंतु जुन्या व्यापाऱ्याने एक गोष्ट पक्की शिकून ठेवली होती: नाण्यावरचे नाव वाचावे, पण किंमत आतल्या चांदीची करावी.

आता अमेरिकेकडे वळू, कारण ही नवी टांकसाळ तेथे निघाली. १९७८ साली तेथील सरकारने विमान कंपन्यांवरील भाड्याचे आणि मार्गांचे निर्बंध उठविले. कंपन्यांत चढाओढ लागली. सर्वांची विमाने सारखीच, मग गिऱ्हाईक धरून ठेवायचे कसे? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशाच्या नावे मैल मांडण्याची योजना काढली. त्याच महिन्यात युनायटेडनेही काढली. १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट ही हॉटेले त्याच मार्गाने गेली. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ होती. तिचे २०२५ साली ‘महाराजा क्लब’ झाले. इंडिगोने मात्र पुष्कळ वर्षे अशी योजना ठेवलीच नव्हती. ‘ब्लूचिप’ तिने २०२४ साली काढली.

हा मैल म्हणजे कंपनीने पाडलेले नाणेच होय. मौज अशी की, या योजनांत प्रवाशांच्या पायऱ्यांना रौप्य, सुवर्ण अशी नावे असतात, पण धातू कोठेच नसतो. चांदवडी रुपया बाजारात पडला तरी निदान त्याची चांदी आपल्या हाती राही. मैलाची किंमत कंपनी ठरविते, आणि नियम बदलण्याचा अधिकार ती आधीच लिहून ठेवते. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ साली आणि अमेरिकनने २०१६ साली अंतरावर मैल देणे सोडून तिकिटाच्या पैशावर देणे सुरू केले. एअर इंडियानेही २०२४ साली तीच वाट धरली. स्वस्त तिकीट काढून दूरवर जाणाऱ्याचे त्यात नुकसान झाले आणि महाग तिकिटावर जाणाऱ्याचा फायदा झाला. उलटपक्षी कंपनीला हे नाणे किती मोलाचे आहे पाहा: २०२० च्या साथीत विमाने जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेडने आपली मैल-योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले!

तर मग निवड कशी करावी? सराफाप्रमाणे तीन कस लावावेत, असे आम्हास वाटते. पहिला कस वाटेचा. ज्या गावांना आपल्याला खरोखर जावे लागते, तेथे कोणाची विमाने जातात, ते आधी पाहावे. ओझरहून जाणाऱ्याने ओझरहून उडणाऱ्या कंपनीचा विचार आधी करावा. पॉइंटांसाठी मुंबईपर्यंत मोटारीने जाणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. दुसरा कस बट्ट्याचा. समजा, सहा हजारांचे तिकीट दहा हजार पॉइंटांत मिळते आणि वर आठशे रुपये कर रोख भरावा लागतो. तर दहा हजार पॉइंटांची किंमत बावन्नशे, म्हणजे एका पॉइंटाची बावन्न पैसे झाली. हा हिशेब प्रत्येक योजनेस लावावा. तिसरा कस मुदतीचा. पॉइंट किती दिवसांनी बाद होतात, हे विचारून घ्यावे आणि साठवून न ठेवता खर्चून टाकावेत. त्यांवर व्याज तर चढत नाहीच, उलट किंमत घसरण्याचे भय असते.

हॉटेलांचेही तसेच. साखळीची हॉटेले मोठ्या शहरांत असतात. धुळे-मालेगावच्या फेऱ्या करणाऱ्याचा मुक्काम बहुधा साध्या लॉजमध्ये पडतो, आणि तेथे ओळखीचा मालक हीच योजना असते. शिवाय मालक बदलले की वहीही बदलते. मॅरियटने २०१६ साली स्टारवुड विकत घेतले आणि २०१९ साली दोघांच्या योजना ‘बॉनव्हॉय’ या एका नावाखाली आणल्या. गिऱ्हाइकाला कोणी विचारले नाही.

आता आमच्या कामातला खरा प्रश्न. तिकिटाचे पैसे मालक भरतो, घर सोडून रात्री परगावी काढतो तो नोकर. मग मैल कोणाचे? १९ व्या शतकात आसामच्या चहामळ्यांतले मालक मजुरांना स्वतःचे बिल्ले देत. अशा चालीविरुद्ध इंग्लंडात १८३१ साली कायदा झाला आणि आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चलनी पैशातच दिली पाहिजे असे ठरविले. तेव्हा ‘भत्ता कमी, पण पॉइंट तुमचे’ असे कोणी म्हणाले, तर त्यास मान्यता देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालकाची बाजूही आहे: पॉइंटांच्या लोभाने नोकर महाग तिकीट काढील, ही त्याची भीती अगदीच खोटी नाही. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २००६ साली असा निर्णय दिला की, कामाच्या प्रवासातले मैल कामासाठीच वापरा असे मालक सांगू शकतो. आपल्या केंद्र सरकारने २००८ साली आपल्या नोकरांना हाच नियम लावला. खासगी नोकरीत हा प्रश्न बहुधा मोघम ठेवलेला असतो. तो मोघम राहू देऊ नये. प्रवासभत्त्याच्या करारात एक कलम घालून घ्यावे: पॉइंट कोणाचे, आणि भत्त्यात त्यांची वजावट होणार नाही.

जेट एअरवेजचे उदाहरण तर ताजेच आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे विमान उडाले. तिची मैल-योजना निराळ्या कंपनीत होती व तिचा मोठा वाटा एतिहादकडे होता; म्हणून ती बुडाली नाही, त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ हे नाव घेऊन चालू राहिली. इकडे त्याच कंपनीचे हजारो नोकर थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी यांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. प्रवाशाचा मैल तगला, पण तो मैल ज्यांनी उडविला त्यांची मजुरी अडकली.

म्हणून श्रोत्यांना एवढेच सांगणे की, योजना अवश्य घ्या. फुकटची फेरी मिळत असेल तर ती सोडण्याचे कारण नाही. कुटुंबासह एकदा काशीला जाऊन या. मात्र पॉइंटांची वही आणि पगाराचा कागद यांची गल्लत होऊ देऊ नका, आणि पुढचा करार लिहिला जाईल तेव्हा ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका.